मोहाच्या हंगामात रानात निघण्याआधी

मार्च लागला की मोहाची फुलं गळायला सुरुवात होते आणि त्याच्या मागोमाग तेंदूपत्त्याची, म्हणजे बिडीच्या पानांची, तोडाई येते. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा परिसरात माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येण्याचे हे दिवस, कारण मोहफूल दोघांनाही हवं असतं. रोज रानात जाणाऱ्यांना विचारलं तर बरेच जण सांगतात, वाघाचं एवढं नाही, अस्वलाचं भ्या वाटतं. ते उगाच नाही.

अस्वल माणसाला खायला येत नाही. ते दचकतं, आणि दचकलं की पळायचं सोडून अंगावर येतं. वाघाच्या रानात राहणाऱ्या या जनावराचा स्वभावच तसा घडला आहे. त्याची नजर कमी, कानही बेताचे. नाक तिखट असलं तरी वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तरच ते उपयोगी. त्यात वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढताना स्वतःच्याच फुरफुरण्यात त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. त्यामुळे पुढची सगळी तयारी एका गोष्टीसाठी आहे: आपण जवळ पोचायच्या आत त्याला आपली चाहूल लागली पाहिजे.

आदल्या संध्याकाळी गुराख्यांना विचारून घ्या. अस्वल कुठे दिसलं, पिल्लांची मादी कोणत्या नाल्याकडे फिरतेय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. पिल्लं बहुधा हिवाळ्यात जन्मतात, त्यामुळे मोहाच्या दिवसांत ती आईच्या पाठीवर किंवा पायांत असतात, आणि अशी मादी सगळ्यात बेभरवशाची. कोणत्या बाजूला जाणार आणि कधी परतणार हे घरी सांगून ठेवा. फोन चार्ज करा. वनविभागाचा १९२६, रुग्णवाहिकेचा १०८ आणि आपल्या बीटच्या, म्हणजे आपल्या भागातल्या जंगलाच्या, वनरक्षकाचा नंबर त्यात घालून ठेवा. रानात रेंज कोणत्या टेकाडावर मिळते हेही सोबतच्या सगळ्यांना ठाऊक असू द्या.

सामानात पहिली काठी. डोक्याएवढी उंच, मजबूत बांबूची, वरच्या टोकाला घुंगरू किंवा बैलाच्या गळ्यातली घंटी बांधलेली. ती मारायला कमी आणि वाजवायला जास्त. चालताना दगडावर टेकवत जा. कुऱ्हाड नेत असाल तर न्या, पण अस्वल झुडपातून निघतं तेव्हा कुऱ्हाड उगारायला वेळ मिळत नाही, म्हणून भरवसा काठीवरच ठेवा. बॅटरी, पायात बूट, पाण्याची मोठी बाटली, साबणाची वडी आणि धुतलेलं सुती कापड घ्या. कानात इअरफोन नको. हे सांगावं लागतं, कारण तरुण पोरं गाणी ऐकतच रानात शिरतात.

निघायची वेळ हा वादाचा मुद्दा आहे. मोह रात्री आणि पहाटे गळतो, उशीर झाला तर गुरं आणि हरणं खाऊन जातात, म्हणून लोक अंधारातच घर सोडतात. अस्वलही नेमकं त्याच वेळी झाडाखाली असतं. माझ्या मते चांगलं फटफटल्याशिवाय निघू नये, चार पायल्या कमी आल्या तरी चालतील. त्यावर एक उपाय आहे. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरून ठेवायच्या. फुलं स्वच्छ मिळतात, वाकून तासन्‌तास वेचत बसावं लागत नाही आणि फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची गरज उरत नाही. त्या पाल्याच्या आगीनं रानच्या रान पेटतं, ते वेगळंच.

एकट्यानं जाऊ नका. तिघं-चौघं असाल तर बोलत चला. नाल्याचं वळण, बांबूची जाळी, घाणेरीचं रान, दगडांची रास किंवा कपार आली की थांबून हाळी द्या, काठी आपटा आणि मगच पुढे व्हा. दिवसा अस्वल अशाच सावलीत झोपलेलं असतं. शौचाला जातानाही दाट झुडपाच्या आडोशाला बसू नका. मोहाच्या झाडाजवळ गेल्यावर आधी लांबूनच आवाज करून चारी बाजू पाहून घ्या. वेचणारा माणूस खाली वाकलेला आणि गप्प असतो, म्हणून एकानं उभं राहून राखण करायची आणि बडबडत राहायचं.

वाटेत जमिनीकडे लक्ष असू द्या. अस्वलाची विष्ठा बोरांच्या बियांनी किंवा मोहाच्या चोथ्यानं भरलेली असते. मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो, फक्त बोटांच्या पुढे नखांच्या खुणा उमटलेल्या असतात. वारूळ उकरलेलं दिसलं तर जवळून बघा. माती वाळून फिकी पडली असेल तर जुनं काम. माती ओली, काळसर असेल आणि वाळवी अजून उघड्यावर सैरावैरा धावत असेल, तर अस्वल आत्ताच तिथून हललं आहे. अशा वेळी आल्या वाटेनं बोलत परत फिरा, त्या दिवशीचा मोह तिथेच राहू द्या.

कुत्रा घरी बांधून ठेवा. तो भुंकत अस्वलाच्या मागे जातो, अस्वल उलटलं की धन्याच्या पायाशी पळत येतो आणि त्याच्यामागे अस्वलही येतं. लहान मुलांना नेऊ नका.

रानाला लागून शेत असेल तर जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जायची पाऊलवाट आधी मोकळी करा, दोन्ही बाजूंची झुडपं तोडा. जमिनीवर न झोपता मचाणावर झोपा, रात्री उतरायचंच झालं तर आधी बॅटरी फिरवा. बांधावरच्या बोरी-जांभळीखाली पडलेली फळं गोळा करत जा. विहिरीला कठडा बांधून घ्या, अंधारात अस्वलं आत पडतात. मोहफुलं अंगणात वाळत घातली असतील तर संध्याकाळी आत घ्या.

आता, एवढं करूनही ते समोर आलंच तर. लांब असेल आणि त्यानं पाहिलं नसेल, तर गुपचूप मागे सरा. पाहिलं असेल तर पाठ न फिरवता, सावकाश, हळू आवाजात बोलत मागे व्हा. पळू नका, ते आपल्यापेक्षा वेगानं धावतं. झाडावर चढू नका, ते त्यालाही येतं. सगळे जण एकमेकांना चिकटून उभे राहा, काठ्या पुढे धरा. बऱ्याचदा ते गुरगुरून बाजूला निघून जातं. अंगावर आलंच तर पालथं पडा, बोटं गुंफून मानेवर ठेवा, कोपरांनी चेहरा झाका आणि ते दूर जाईपर्यंत हलू नका. त्याची नखं लांब असतात आणि वार मुख्यतः डोक्यावर नि चेहऱ्यावर होतात, म्हणून तेवढं वाचवायचं.

जखमी माणसाला आधी तिथून दूर आणा. रक्त वाहत असेल तिथे कापड घट्ट दाबून धरा. चेहरा फाटला असेल तर उताणं झोपवू नका, रक्त घशात जाऊन श्वास अडकतो. कुशीवर वळवा किंवा पुढे झुकवून बसवा. लोंबणारी कातडी कापू नका, डॉक्टर ती पुन्हा शिवू शकतात. हळद, चुना, जडीबुटी काही भरू नका. लहान ओरखडा असला तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, आणि दवाखान्यात रेबीजच्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल स्वतःहून विचारा.

गावातले लोक काठ्या घेऊन अस्वलामागे निघाले तर त्यांना थांबवा. बिथरलेलं अस्वल आणखी दोघांना पाडतं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे मारणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. त्याच दिवशी वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या. दवाखान्याची चिठ्ठी, औषधांची बिलं, जखमांचे फोटो एका पिशवीत ठेवा. सरकारी मदतीचा अर्ज त्याच कागदांवर पुढे सरकतो.