सिस्को स्विचची कमांड अडली? प्रश्नचिन्हाला विचारा

मॅन्युअलमधली कमांड टाइप केली तरी स्विच (नेटवर्कमधली उपकरणं एकमेकांना जोडणारा डबा) ‘इनव्हॅलिड इनपुट’ म्हणून हात वर करतो. अशा वेळी गुगल नंतर, आधी हे करा:

1. एररच्या वर आलेली छोटी टोपी (^) नेमकी कुठल्या अक्षराखाली आहे ते बघा. घोळ तिथेच असतो.

2. त्या जागेपर्यंतची कमांड पुन्हा लिहा, एक स्पेस द्या आणि ‘?’ दाबा. पुढे काय काय चालेल त्याची यादी येते. स्पेस न देता ‘?’ दाबलंत तर त्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द दिसतात. दोन्हींत गल्लत नको.

3. यादीत ‘वर्ड’ कॅपिटलमध्ये असेल तर तिथे तुमचं नाव किंवा यादी भरायची. <1-4094> म्हणजे त्या मर्यादेतला आकडा. <सीआर> दिसलं की एंटर मारायला हरकत नाही.

मॅन्युअलमधले चौकोनी कंस म्हणजे ऐच्छिक भाग, महिरपी कंस म्हणजे त्यातलं एक घ्यायलाच हवं. कंस टाइप करायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

सांभाळा: ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र वाहून नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन 30 (एकाच स्विचवर वेगळं केलेलं आभासी नेटवर्क) वाढवायचा असेल तर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड 30’. ‘ॲड’ राहिलं तर आधीची यादी पुसून फक्त 30 उरतो, आणि स्विच तक्रारही करत नाही. लांबून लॉगिन केलं असेल तर आधी ‘रीलोड इन 10’ लावा. संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या सेव्ह केलेल्या सेटिंगवर परत येईल. सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’, मग सेव्ह.