बेअर ॲक्ट आधी, गाईड नंतर : विधी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी

विधी महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर बहुतेकांच्या हाती सर्वांत आधी गाईड येते, आणि बेअर ॲक्ट, म्हणजे कोणतेही भाष्य नसलेला मूळ कायदा, परीक्षेच्या आठवड्यात कधीतरी उघडला जातो. हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. मी तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम पूर्ण करून सध्या जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम करतो, त्यामुळे पुढची बरीच उदाहरणे रोजच्या कामातली आहेत.

कायद्याचे कलम हे एकच विधान असते, अशी समजूत घेऊन नवा विद्यार्थी वाचायला बसतो. प्रत्यक्षात मुख्य मजकुराखाली परंतुक (म्हणजे 'परंतु'ने जोडलेली अट), स्पष्टीकरण, अपवाद आणि उदाहरणे असू शकतात, त्यातले काही शब्द कायद्याच्या सुरुवातीच्या व्याख्या-कलमात वेगळ्या अर्थाने बांधलेले असतात, आणि त्या कलमाची मुदत किंवा कार्यपद्धती चार कलमे पुढे सापडते. गाईडमध्ये हे सगळे एका परिच्छेदात वितळवलेले असते. वाचायला ते सोपे जाते, पण कोणता भाग मुख्य नियम आणि कोणता अट, हे त्यात दिसेनासे होते.

यासाठी चेक बाऊन्सचे कलम, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, 1881 मधील कलम 138, सावकाश वाचून पाहावे. तोंडी परीक्षेत विचारले तर पटकन उत्तर येते की चेक वटला नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. मुख्य मजकूर साधारण तेवढेच सांगतो. शिवाय चेक देणाऱ्याने तो स्वतःच्या खात्यावर, एखादे कर्ज किंवा दायित्व फेडण्यासाठी दिलेला असावा, असेही सांगतो. खरी केस मात्र त्याखालच्या परंतुकावर उभी राहते किंवा पडते. चेक त्याच्या वैधतेच्या काळात बँकेत भरलेला असला पाहिजे. कलमात सहा महिने किंवा वैधतेचा काळ, यांपैकी जे आधी संपेल ते, असे म्हटले आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार 1 एप्रिल 2012 पासून चेक तीन महिनेच चालतो. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी 15 दिवस असतात, आणि त्या मुदतीत पैसे दिले गेले नाहीत तरच गुन्हा पूर्ण होतो. तक्रार कधीपर्यंत दाखल करायची हे कलम 138 मध्ये नाहीच. ते कलम 142 मध्ये आहे, आणि ती मुदत एक महिन्याची आहे.

आता तारखा मांडून पाहा. चेकवरची तारीख 5 जानेवारी, बँकेचा रिटर्न मेमो 20 फेब्रुवारीला हातात आला, नोटीस 10 मार्चला पाठवली आणि समोरच्याला ती 14 मार्चला मिळाली. पंधरा दिवस 29 मार्चला संपतात, म्हणजे तक्रारीचे कारण 30 मार्चला घडते आणि तेथून एक महिन्याची मुदत सुरू होते. अशील घाई करतो म्हणून 25 मार्चलाच तक्रार दाखल केली तर ती कायद्याच्या दृष्टीने तक्रारच ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने योगेंद्र प्रताप सिंग विरुद्ध सावित्री पांडे या खटल्यात 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. उशीर झाला तर पुरेसे कारण दाखवून तो माफ करून घेण्याची सोय कलम 142 च्या परंतुकात आहे, मात्र वेळेआधी दाखल केलेल्या तक्रारीला तशी सोय नाही. हा फरक कलम स्वतः वाचणाऱ्याला लगेच दिसतो. कलमाच्या शेवटचे स्पष्टीकरणही सोडू नये. कर्ज किंवा दायित्व म्हणजे कायद्याने वसूल करता येण्याजोगे कर्ज, असे ते सांगते, त्यामुळे लग्नात आहेर म्हणून दिलेला चेक परत आला तर कलम 138 लागत नाही.

याच जागी एक तत्त्वही शिकता येते. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर असते, हे आपण पहिल्या दिवसापासून ऐकतो. कलम 139 मात्र उलटे गृहीतक मांडते : चेकधारकाला तो चेक कर्ज किंवा दायित्वापोटीच मिळाला, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत धरले जाईल. मग आरोपीने निर्दोषत्व निःसंशयपणे सिद्ध करायचे का? रंगप्पा विरुद्ध श्री मोहन या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वसूल करता येण्याजोगे कर्ज अस्तित्वात होते हेही या गृहीतकात येते, पण ते खोडण्यासाठी आरोपीला संभाव्यतेच्या पातळीवर पटणारा बचाव पुरेसा आहे, आणि तो फिर्यादीच्याच पुराव्यातून दाखवता येतो. पुराव्याचा भार आणि पुराव्याची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुराव्याच्या कायद्यावरील व्याख्यानापेक्षा या एका कलमातून मला अधिक नीट समजले.

काही तत्त्वे एका कलमात नसतातच, ती दोन-तीन कलमे शेजारी ठेवल्यावर दिसतात. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 10 म्हणते की करार करण्यास सक्षम असलेल्या पक्षांमधील ठराव हे करार होत. कलम 11 म्हणते की सज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम असते, आणि सज्ञान म्हणजे कोण याचे उत्तर देण्यासाठी ते आपल्याला दुसऱ्याच कायद्याकडे पाठवते. अज्ञान व्यक्तीचा करार शून्य आहे की तिच्या मर्जीनुसार रद्द होऊ शकणारा आहे, हे यांपैकी एकही कलम थेट सांगत नाही. कोलकात्यातील अज्ञान धर्मदास घोष याने आपली मालमत्ता सावकाराकडे 20,000 रुपयांच्या कर्जापोटी गहाण ठेवली, आणि ते प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेले. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या 1903 च्या निकालात कौन्सिलने ही कलमे एकत्र वाचून असा करार मुळातच शून्य ठरवला. दिलेले पैसे परत मिळावेत म्हणून सावकारपक्षाने कलम 64 आणि 65 चा आधार घेतला, तोही फेटाळला गेला, कारण ती कलमे सक्षम पक्षांमधील कराराला धरून आहेत. परीक्षेत या निकालाचे नाव सगळेच लिहितात. निष्कर्ष कोणत्या कलमांतून कसा निघाला, हे लिहिणारे फार थोडे असतात.

मुदतीच्या कायद्याबद्दल एवढेच सांगतो की त्याची अनुसूची, म्हणजे कशाला किती मुदत हे सांगणारा शेवटचा तक्ता, ही पुरवणी नव्हे, तीच त्या कायद्याचा गाभा आहे. उशीर माफ करणारे कलम 5 अपिलाला आणि अर्जाला लागू होते, मूळ दाव्याला होत नाही. हे वाक्य पहिल्याच वर्षी मनात पक्के करून ठेवावे.

फौजदारी कायद्याच्या विद्यार्थ्यांची सध्या दुहेरी कसरत आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आणि पाठ केलेले सगळे क्रमांक बदलले. जुन्या भारतीय दंड संहितेतले खुनाच्या शिक्षेचे 302 आता न्याय संहितेत 103 झाले, फसवणुकीचे 420 आता 318 च्या चौथ्या पोटकलमात गेले. गोंधळ वाढवणारा भाग असा की जुने आकडे नव्या संहितांमध्येही आहेत, पण भलत्याच विषयावर. न्याय संहितेचे कलम 302 धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांबद्दल आहे. जुन्या प्रक्रिया संहितेत 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, तर नव्या संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन. जुने कायदे विसरून चालणार नाही, कारण संविधानाच्या अनुच्छेद 20(1) नुसार कृत्य घडले तेव्हा लागू असलेल्या कायद्याखालीच दोषी ठरवता येते, आणि 1 जुलैपूर्वी सुरू असलेले खटले जुन्या प्रक्रियेनेच चालतात. म्हणून क्रमांक पाठ करण्याआधी गुन्ह्याचे घटक पाठ करावेत. फसवणुकीत सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू लागतो, ही गोष्ट 420 मध्ये होती आणि 318 मध्येही आहे.

निकाल वाचताना वरचा हेडनोट, म्हणजे संपादकाने लिहिलेला सारांश, हा न्यायालयाच्या निकालाचा भाग नसतो, हे लक्षात ठेवावे, आणि वस्तुस्थिती कधीही गाळू नये. नानावटी खटला सर्वांना ऐकून माहीत असतो, पण त्याचा कायदेशीर मुद्दा घड्याळाशी निगडित आहे. अचानक आणि गंभीर चिथावणी मिळून आत्मनियंत्रण सुटले असेल तर सदोष मनुष्यवध हा खून ठरत नाही, हा तेव्हाच्या कलम 300 चा पहिला अपवाद. तोच आज न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये आहे. 27 एप्रिल 1959 रोजी नौदल अधिकारी नानावटी यांनी आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची पत्नीची कबुली ऐकल्यानंतर कुटुंबाला चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग ते आहुजांच्या घरी गेले. दुपारी दीड वाजता घर सोडल्यापासून चार वाजून वीस मिनिटांपर्यंतचा हा वेळ भानावर येण्यास पुरेसा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये म्हटले. घटनांचा क्रम वगळला तर या निकालातून शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

शेवटी पुस्तक विकत घेण्याबद्दल. सिनिअरकडून जुना बेअर ॲक्ट घेण्यास हरकत नाही, पण तो कोणत्या दुरुस्तीपर्यंतचा आहे हे आधी पाहावे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 खाली कराराची प्रत्यक्ष पूर्तता मंजूर करणे पूर्वी न्यायालयाच्या विवेकाधीन होते. 2018 च्या दुरुस्तीने, 1 ऑक्टोबर 2018 पासून, कलम 10 आणि 20 बदलले आणि तो विवेकाधिकार बहुतांशी गेला. त्याआधीच्या प्रतीत जुने कलम 20 सुबक छापलेले असते आणि त्यावर कुणीतरी पिवळ्या मार्करने खुणाही केलेल्या असतात. केंद्रीय कायद्यांचा दुरुस्त मजकूर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. कलमाखालच्या तळटीपांत कोणत्या दुरुस्तीने कोणते शब्द आले आणि ते कोणत्या तारखेपासून लागू झाले, हे दिलेले असते.