अंदाजवही

पोरांना शाळेत न घालता घरी शिकवता म्हणजे नेमकं करता काय, असं कुणी विचारलं की मी एक वही पुढे करते. शंभर पानी, कोपरे दुमडलेली, दोन पानांवर हळदीचे डाग. प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ. रेघेच्या डावीकडे ‘मला वाटतं’, उजवीकडे ‘झालं असं’. कुठलीही गोष्ट हातात घ्यायच्या आधी माझ्या दोन्ही पोरांनी डावीकडे आपला अंदाज लिहायचा. धाकट्याचा मी लिहून घेते, तो खाली चित्र काढतो. मग कामाला लागायचं. पुढे जे सांगते आहे त्यातलं काहीही तुमच्या घराप्रमाणे बदला, फक्त ही डावी बाजू रिकामी ठेवू नका. अंदाज लिहिलेला असला की पोरं निकाल बघायला धावत येतात. नाहीतर आई दाखवतेय म्हणून बघतात आणि विसरतात.

आम्ही वाईला राहतो. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी मी घरातच शाळा थाटली होती. भिंतीवर वेळापत्रक, घंटेच्या जागी स्टीलचं ताट. ऑगस्ट येईपर्यंत तिघांनाही रडू यायला लागलं. आता महिन्याला एकच मोठं काम घेते, आणि तेही घरात त्या दिवसांत जे चाललेलं असतं त्यातलंच.

सुरुवात जूनमध्ये, मृग लागायच्या सुमाराला. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या. मानेखालचा उतार जिथे संपतो तिथे आडवी कापा आणि वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा बूड खडबडीत असतो, तिथे मोजलं तर चुकतं. म्हणून तळाशी खडे घाला, सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी ओता आणि तिथे शून्याची खूण करा. शून्यापासून वर पट्टी चिकटवा. झालं पर्जन्यमापक. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, आम्हीही तीच वेळ धरतो. मोजून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. हे एकदा राहिलं की पुढचे सगळे आकडे गेले.

आमची पहिल्या वर्षाची फजिती अशी, की बाटली ठेवली ओसरीच्या कडेला, पागोळ्यांच्या खाली. एका रात्रीत १४० मिलिमीटर! धाकटा गल्लीभर सांगत सुटला. थोरलीने पेपरातला वाईचा आकडा वाचला आणि गप्प झाली. मला उत्तर माहीत होतं, जिभेवर आलंही होतं, पण दातांखाली धरलं. दोन दिवसांनी तिनेच पत्र्याकडे बोट दाखवलं. ‘आई, अख्ख्या पत्र्याचं पाणी आपल्या एका बाटलीत!’ तेव्हापासून बाटली गच्चीच्या मधोमध, विटांच्या आधाराने.

त्याच बाटलीतून गणित निघतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. खडूने गच्चीवर मीटरभर बाजूचा चौकोन आखा, मग गच्चीत असे किती चौकोन बसतात ते पोरांना मोजू द्या. आमच्याकडे चाळीस बसले. म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस पडला तर चारशे लिटर! थोरलीने बादल्यांत हिशेब केला आणि हे सगळं पाणी जातं कुठे, या एका प्रश्नावर आमचा जुलै गेला. भूगोलही त्यातच आला. वर महाबळेश्वरला शंभर-दोनशे मिलिमीटर कोसळत असतो तेव्हा आमच्या बाटलीत आठ-दहा. समुद्रावरून आलेले ढग घाट चढताना रिकामे होतात आणि आम्ही पडलो डोंगराच्या पाठीमागे. पसरणीचा घाट पोरांनी शंभरदा पाहिलाय, त्यामुळे हे नकाशाशिवाय कळलं.

ज्यांना गच्ची नाही त्यांनी बाटलीच्या नादी लागू नये, खिडकीत नीट जमत नाही. त्यांच्यासाठी नवरात्र आहे.

घटस्थापनेला घरात धान्य पेरलं जातंच. त्यातलेच मूठभर गहू रात्रभर भिजवा आणि काळ्या मातीच्या दोन वाट्यांत पेरा. एक वाटी खिडकीत, दुसरी टोपलीखाली, वरून जाड कापड. पाणी दोन्हींना सारखंच, चमच्याने मोजून. रोज सकाळी रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापायची आणि वहीत कालच्या पट्टीशेजारी चिकटवायची. उजेडाची हिरवी, अंधाराची काळी. पाचव्या दिवशी पायऱ्या दिसायला लागतात. आलेख हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही.

गेल्या वर्षीचं डावं पान माझ्यासमोर आहे. थोरली लिहिते, ‘अंधारातलं उगवणारच नाही.’ धाकट्याचं, माझ्या अक्षरात, ‘ते घाबरून उंच होईल.’ दसऱ्याला शेवटच्या पट्ट्या शेजारी लावल्या तर अंधारातली रोपं खरोखरच उंच निघाली. पिवळट, लुळी, पण खिडकीतल्यांपेक्षा चांगली दोन बोटं वर. थोरली चिडली, धाकट्याने नाचून घेतलं. बियाण्यात साठवलेल्या शिदोरीवर रोप उजेड शोधत भराभर वर जातं, हिरवं व्हायला मात्र त्याला उजेडच लागतो, एवढंच मी सांगितलं. मग थोरली उठून देवघरात गेली. आमचं देवघर माजघरात, तिथे दिवसाही समई लागते. तिथला घट पिवळाच होता. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, आमच्यात पिवळंच चांगलं मानतात.’ त्यावर आजी-नातीचा जो वाद झाला तो मी मुद्दाम मिटवला नाही. टोपलीखालची वाटी उजेडात आणून ठेवली. दोन दिवसांत ती हिरवी व्हायला लागली, पण मान काही तिला धरता आली नाही.

दिवाळीचा किल्ला सगळ्यांनाच येतो. मी त्यात एकच भर घातली आहे. आधी खरा गड चढायचा, मग बांधायचा. आम्ही पांडवगड घेतला कारण तो घरातून दिसतो. मोहरी चार-पाच दिवस आधी पेरा, नाहीतर भाऊबीजेपर्यंत किल्ला टकलाच राहतो.

थंडीत दोन छोटी कामं. हळद पाण्यात कालवून कागदाला फासा, वाळू द्या. त्यावर साबणाच्या पाण्याने चित्र काढलं की लाल उमटतं, लिंबू पिळलं की परत पिवळं. खायचा चुना लावूनही बघा, मग हळदीचं कुंकू कसं होतं ते पोरं आपणहून विचारतात. दुसरं काम काड्यापेटीतल्या काड्यांचं. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे आणि त्यांच्या तोंडात काड्या खोचून आकार जोडायचे. गुलाच्या बाजूची टोकं आधी खरवडून टाका. चौकोन लचकतो, त्रिकोण हलत नाही. पुढे रस्त्यावरचा प्रत्येक टॉवर आणि पूल मुलं वेगळ्याच नजरेने बघतात. ही युक्ती टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची. त्यांच्या संकेतस्थळावर अशी शेकडो खेळणी फुकट बघायला मिळतात.

सामानावर पैसे घालू नका. मी पहिल्या वर्षी लाकडी मण्यांचा महागडा संच मागवला होता, तो माळ्यावर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षण सुरू केलं ते शिंपले, बिया, पानं असल्या आसपासच्या वस्तूंवरच. आमचे दशक-एकक चिंचोक्यांवर झाले. दहा चिंचोके एका काड्यापेटीत, दहा काड्यापेट्या एका डब्यात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. प्रकल्पांतून पाढे येत नाहीत. पाढे पाठच करावे लागतात, वाचनाला रोज बसावंच लागतं. आम्ही सकाळी नऊ ते साडेदहा तेवढंच करतो, बालभारतीची पुस्तकं समोर ठेवून. ती नेटवर फुकट उतरवून घेता येतात. उरलेला दिवस मोकळा.

आणि नातेवाईक विचारणार तो प्रश्न: हे कायद्यात बसतं का? २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतो, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगत नाही. घरी शिकवण्याबद्दल त्यात वेगळं काही नाही. परीक्षेची वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून जाते. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत, आणि चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. सासऱ्यांना हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा छापून दिलं.

एप्रिल कुरडयांचा. गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं, हे पोरांचं काम. चीक शिजवून सोऱ्याने पहिली कुरडई पडली की ती वजनकाट्यावर ठेवायची आणि खूण करून रोज तोलायची. धाकट्याचा अंदाज, ‘तेवढीच राहणार, कुणी खाल्ली तरच कमी होईल.’ ओली ३८ ग्रॅम भरली, चौथ्या दिवशी ९. त्याने सरळ कावळ्यावर संशय घेतला. मग तीच वाळकी कुरडई पाण्यात टाकून पुन्हा तोलली, तेव्हा कुठे कावळा सुटला.

वर्षातलं शेवटचं काम शून्य सावलीचं. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली असल्याने सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा पावसाळी ढग असतात, म्हणून मे सोडू नका. वाईला ११-१२ मेच्या आसपास, पुण्याला आणखी दोन दिवसांनी, मुंबईला त्यानंतर. वेळ दुपारी साडेबाराच्या पुढेमागे. सरळ कडांचा पेला गच्चीवर उपडा ठेवा. तांब्या नको, त्याच्या पोटाची सावली पडते. बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. पायात चपला हव्यातच, गच्ची भाजते.

गेल्या मेमध्ये पेल्याची सावली पेल्याखाली गेली तसा धाकटा उड्या मारायला लागला. आपली सावली पायाखाली लपलीय, उडी मारली की दिसेल, असा त्याचा हिशेब. दिसलीही. मी वही पुढे केली तर म्हणाला, ‘थांब, आधी डावीकडचं लिही. आजी उडी मारेल का?’