सोलर लावायचंय पण गाडं अडलंय? आधी लाईट बिल काढा, मग व्हेंडरला फोन करा

आपल्याकडे उन्हाला काय तोटा नाही, घराच्या गच्चीवर सोलर लावण्यासाठी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना 2024 पासून चालू आहे, पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार अशी 78 हजारांपर्यंत सबसिडी मिळते, तरी आपल्याच गल्लीतल्या गच्च्या बघा, टाक्या आणि डिशा दिसतील, पॅनल एखाद्याकडेच. विचारलं की सगळे म्हणतात महाग पडतं. पैशाचा प्रश्न आहेच, पण माझ्या मते त्याहून जास्त लोक अडतात ते कागदात, सावलीत आणि कुणीतरी दिलेल्या "बिल झिरो" च्या गाजरात.

तर पहिलं काम, बिल हातात घ्या. महिन्याचा आकडा बघू नका, वर्षभराचे युनिट जोडा. 1 किलोवॅट आपल्याकडे दिवसाला सरासरी 4 युनिट देतो, म्हणजे महिन्याला 120 च्या आसपास, पावसाळ्यात कमी, फेब्रुवारी-मार्चमध्ये छान. (मे महिन्यात तुम्हाला वाटतं तितकं नाही, पॅनल तापलं की त्याची ताकद घटते.) वर्षाला 3000 युनिट जळत असतील तर 2 किलोवॅट पुरे. व्हेंडर 5 घ्या म्हणेल, ऐकू नका, कारण वापरून उरलेले, वीज कंपनीच्या लाईनवर गेलेले युनिट पुढच्या बिलात वळते होतात खरे पण 31 मार्चला जे उरतात त्याला फार कमी भाव मिळतो. आणि महिन्याला 100 युनिटच्या आतच वापर असेल तर घाई नको, तो स्लॅब आधीच स्वस्त असतो, पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं जाऊ शकतात. स्थिर आकार तर सोलर लावल्यावरही भरावाच लागतो, त्यामुळे झिरो बिल वगैरे डोक्यातून काढा.

त्याच बिलावर नाव बघा. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी मीटर त्यांच्याच नावावर, ही घरोघरची गोष्ट, आणि अर्ज नेमका तिथेच लटकतो. आधी नाव बदलून घ्या. मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या जोडणीला दिलेली किलोवॅटची मर्यादा, तो पण बघा, 1 किलोवॅट मंजूर आणि सोलर 3 चा असेल तर भार वाढवावा लागतो. 10 किलोवॅटपर्यंत आता तांत्रिक तपासणीत अर्ज अडकवायचा नाही असा नियम 2024 मध्ये आलाय, त्याचा फायदा घ्या.

मग गच्चीवर जा, पण तीनदा, सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला, खडूने सावलीच्या रेघा मारा. टाकी, जिन्याची खोली, शेजारच्यांचा नारळ, सगळं धरा. साध्या सोलर इन्व्हर्टरवर (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारा डबा) पॅनल माळेतल्या दिव्यांसारखे एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली की अख्ख्या रांगेचं उत्पादन घसरतं. किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते, तोंड दक्षिणेकडे. हिवाळ्यात सावली लांब पडते, म्हणून डिसेंबरात बघितलं तर सगळ्यात बरं.

फ्लॅटवाल्यांचं अवघड आहे, गच्ची सगळ्यांची, एनओसी मागितली की मीटिंगमध्ये पार्किंगचा जुना वाद निघतो. तिथे एकट्याने भांडण्यापेक्षा लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांच्या कॉमन मीटरसाठी सोसायटीने लावणं सोपं, त्याला किलोवॅटला 18 हजार सबसिडी आहे आणि मेंटेनन्स कमी होतो म्हटल्यावर विरोध करणारे पण गप्प बसतात.

आता एक गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही. लाईट गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं, बिनबॅटरीचं सोलर पण बंद, भर दुपारी ऊन असलं तरी. बिघाड नाही तो, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. लोडशेडिंगसाठीच हवं असेल तर बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम बघा, खर्च बराच वाढतो.

कोटेशन निदान तीन घ्या, व्हेंडर योजनेच्या पोर्टलवर नोंदवलेलाच हवा. पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनवलेले, म्हणजे डीसीआर, असतील तरच सबसिडी. स्ट्रक्चर गॅल्व्हनाईज्ड आहे का विचारा, कोकणात तर दोनदा विचारा, खारी हवा लोखंड खाते. पॅनलकडची डीसी बाजू, घराकडची एसी बाजू आणि आकाशातली वीज झेलणारा वीजरोधक, तिघांचं अर्थिंग वेगवेगळ्या खड्ड्यात हवं, इथे खड्डे वाचवणारे खूप आहेत. पाच वर्षांची देखभाल लेखी घ्या. पैसे हप्त्यात द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर (घेतलेली आणि लाईनवर दिलेली वीज दोन्ही मोजणारं) बसून सिस्टीम चालू झाल्यावरच, कारण पॅनल एका दिवसात बसतात पण मीटरसाठी खेटे घालायला व्हेंडरला काहीतरी कारण पाहिजे ना. सबसिडी त्यानंतर थेट तुमच्या खात्यात येते.

धूळ पुसायची ती सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी नको, आणि बोअरचं जड पाणी असेल तर लगेच वायपर फिरवा, पांढरे डाग धरले की निघता निघत नाहीत.