सेफ्टी रेझरने दाढी केल्यावर आग होते? या चुका टाळा

कार्ट्रिज (एकाहून जास्त पाती बसवलेलं, बदलता येणारं डोकं असलेला रेझर) सोडून दोन धारांच्या पात्याच्या सेफ्टी रेझरकडे वळलेल्यांच्या पहिल्या दोन आठवड्यांतल्या तक्रारी ठरलेल्या असतात. गळा लाल होतो, हनुवटीखाली कापतं, तासभर आग थांबत नाही. मग पात्याचा ब्रँड बदलला जातो, तरीही फरक पडला नाही की रेझर कपाटात जातो. दोष पात्यात क्वचितच असतो. हाताचा दाब, फेसातलं पाणी आणि केसांची दिशा या तिघांतलं काहीतरी चुकलेलं असतं. त्रास चेहऱ्यावर कुठे होतो आणि दाढीच्या कोणत्या टप्प्यावर होतो हे नीट पाहिलं, तर चूक नेमकी सापडते.

दोन्ही गाल सोलवटतात, तेव्हा दाब बघा

कार्ट्रिजचं डोकं वळतं, चेहऱ्याचा उतार सांभाळून घेतं. त्यामुळे दाबून ओढायची सवय हाताला लागलेली असते. सेफ्टी रेझरला वळणारं डोकं नाही, कोन आणि दाब दोन्ही तुमच्या हातात असतात. धातूच्या रेझरचं वजन साधारण 60 ते 100 ग्रॅम असतं आणि केस कापायला तेवढंच पुरतं. मूठ आवळून धरू नका. दांडा बोटांच्या टोकांनी, शेवटाकडे धरा. तिथे धरल्यावर फार दाबताच येत नाही.

कोन असा शोधा: रेझरचं टोपण (पात्यावरचं झाकण) गालाला टेकवा, दांडा गालाशी काटकोनात ठेवा. या स्थितीत पातं लागत नाही. आता दांडा हळूहळू खाली आणत छोटा हात फिरवा. खुंट कापले जात असल्याची बारीक खरखर ऐकू आली की तिथेच थांबा. पातं आणि त्वचा यांच्यात तेव्हा अंदाजे 30 अंशांचा कोन असतो. दांडा त्याहून खाली गेला की धार त्वचेवर उभी राहते आणि कापण्याऐवजी खरवडते. बाथरूममधला नळ बंद ठेवून दाढी करा, म्हणजे ही खरखर ऐकू येते. नवशिक्यासाठी याहून चांगला मार्गदर्शक नाही.

हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेवर एक लांब हात मारू नका. तिथे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला कोन पुन्हा जुळवा.

एक बाजू चावते, दुसरी कापतच नाही

पातं तिरकं बसलंय, दुसरं कारण शोधत बसू नका. तीन भागांच्या रेझरमध्ये टोपण उलटं धरा, त्याच्या खिळ्यांवर पातं ठेवा, वर खालची पट्टी बसवा आणि दांडा घट्ट करताना पात्याच्या आखूड बाजू चिमटीत धरून ठेवा. मग रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून पाहा: दोन्ही बाजूंना पात्याची कड सारखीच बाहेर दिसली पाहिजे. नसेल तर सैल करून पुन्हा बसवा.

पातं टॉवेलला पुसायची सवय मात्र सोडाच. धारेवर अतिशय पातळ लेप असतो आणि पुसताना तो खरवडतो, शिवाय बोट कापतं ते वेगळंच. रेझर पाण्याखाली धुवा, झटका, उभा ठेवा. कोकणात किंवा पावसाळ्यात ओल्या बाथरूममध्ये ठेवू नका, कोरड्या कपाटात ठेवा. स्टेनलेस पात्यालाही दमट हवेत डाग पडतात.

एक पातं 3 ते 5 दाढ्या चालवा. केस राठ असतील तर 3. केस ओढल्यासारखे वाटले की त्याच क्षणी बदला, अर्धी दाढी झालेली असली तरी. आपल्याकडे चांगली पाती काही रुपयांत मिळतात, त्यात काटकसर करून चेहरा पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

फेस भरपूर, पण रेझर अडखळतो

इथे सर्वांत जास्त गल्लत होते, कारण फेस दिसायला ढीगभर असला की काम झालं असं वाटतं. फेसाचं मुख्य काम निसरडेपणा देणं हे आहे, फुगणं नव्हे. मोठे बुडबुडे असलेला हलका फेस मिनिटभरात बसतो आणि पातं कोरड्या त्वचेवरून जातं.

ब्रश मिनिटभर कोमट पाण्यात भिजवा (डुकराच्या केसांचा असेल तर पाच मिनिटं), दोनदा झटका. बदामाएवढं क्रीम घ्या. साबणाची वडी असेल तर ब्रश तिच्यावर 30 सेकंद फिरवा. मग वाटीत किंवा थेट चेहऱ्यावर गोल फिरवत, ब्रशचं फक्त टोक पाण्यात बुडवून, दोन-चार थेंब पाणी पुन:पुन्हा घाला. घाई इथेच होते: एकदम पाणी ओतलं की मोठे बुडबुडे येतात आणि फेस परत दाट होत नाही. दीड-दोन मिनिटांत फेस घुसळलेल्या दह्यासारखा चकचकीत आणि दाट झाला पाहिजे. दोन बोटांत चोळून पाहा. बोटं सुळकन सरकली तर ठीक, चिकटली तर आणखी थेंबभर पाणी लागेल.

सगळं नीट करूनही फेस टिकत नसेल तर पाणी तपासा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून पांढरा चिकट साका तयार करतं, म्हणजे तुमच्या साबणातला बराच भाग फेस व्हायच्या आधीच वाया जातो. उकळल्याने जडपणाचा काही भागच जातो. सोपा उपाय असा की पेलाभर आरओचं पाणी घ्या आणि ते फक्त ब्रश भिजवायला आणि फेस करायला वापरा. तोंड धुवायला नळाचं पाणी चालतं. ते जमत नसेल तर क्रीम दीडपट घ्या. ब्रशच्या मुळाशी साका बसून तो ताठ झाला असेल तर मगभर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून दहा मिनिटं बुडवा आणि स्वच्छ धुवा.

फेसाआधीची एक गोष्ट: खुंट पाण्याने मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून दाढी आंघोळीनंतर करा. कढत पाण्याचा फायदा नाही, उलट त्वचा कोरडी पडते.

गळ्यावरचं पुरळ

गालावरचे केस बहुतेकांचे खालच्या दिशेने वाढतात. गळ्यावर तसा नियम नाही. कंठाच्या दोन्ही बाजूंना केस वरच्या दिशेने, आडवे, कधी भोवऱ्यासारखे वाढतात आणि डावा गळा उजव्यासारखा असेलच असं नाही. आरशासमोर सगळेजण गळ्यावर रेझर सवयीने एकाच दिशेने ओढतात, म्हणजे अर्ध्या गळ्यावर पहिल्याच हाताला उलटी, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने, दाढी होते. दोन दिवसांची दाढी वाढू द्या, मग बोट चारही दिशांनी फिरवा. जिकडे बोट सहज सरकतं ती केसांची दिशा. कागदावर गळ्याचं चित्र काढून बाण दाखवा आणि पहिले काही आठवडे ते आरशाला चिकटवून ठेवा.

पहिला हात केसांच्या दिशेने. दुसरा हात पुन्हा फेस लावून आडवा. पहिला महिना उलटी दाढी करूच नका आणि गळ्यावर तर कधीच केली नाही तरी बिघडत नाही. फेस नसलेल्या जागेवरून “एकदा फक्त” म्हणून फिरवलेला रेझर सर्वाधिक आग देतो.

कुरळ्या, राठ केसांच्या माणसांनी जास्त जपावं. त्वचा ताणून, उलट दिशेने, अगदी मुळाशी कापलेला केस त्वचेच्या पातळीखाली जातो आणि त्याचं तिरकं टोक वाढताना आतच वळतं. तिथे टणक पुळी येते. ती चिमट्याने उकरू नका. आपल्या सावळ्या त्वचेवर अशा पुळीचा काळा डाग कित्येक महिने राहतो. तीन-चार आठवडे त्या भागावर पातं बंद ठेवा, ट्रिमरने 1 मिलिमीटर ठेवून केस कापा, कोमट ओल्या कपड्याने रोज पाच मिनिटं शेका. दुचाकीवर जाणाऱ्यांनी हेल्मेटचा पट्टाही धुवावा. घाम आणि मळ साठलेला तो पट्टा ताज्या दाढीवर घासत राहतो.

दाढीनंतर

थंड पाण्याने चेहरा धुवा आणि ओली तुरटी ओल्या त्वचेवर एकदा फिरवा. जिथे झोंबेल तिथे तुम्ही जास्त दाबलंय. रोजच्या चुका दाखवणारी ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे. अर्ध्या मिनिटाने तुरटी धुवून टाका, वाळू दिली की त्वचा ओढली जाते. स्पिरिटयुक्त आफ्टरशेव्ह कोरड्या त्वचेला नको. ग्लिसरीन असलेलं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरतं आणि उन्हात जायचं असेल तर वर एसपीएफ 30चं सनस्क्रीन. जंतुनाशक द्रव पाणी न घालता चेहऱ्यावर थापू नका. रेटिनॉल किंवा ॲसिडची (मुरुमं-डागांसाठीची) क्रीम वापरत असाल तर दाढीच्या आदल्या रात्री सुट्टी द्या.

पुरळ जात नाही म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली ट्यूब ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं आहेत. दोन दिवसांत लाली जाते म्हणून लोक ती महिनोन्‌महिने लावतात आणि मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, बंद केलं की पुरळ दुप्पट उसळतं. दाढीच्या जागी बुरशीचा संसर्ग असेल तर स्टेरॉइडने तो पसरतो. पू भरलेल्या पुळ्या, गोल कडेचे खाजरे चट्टे किंवा आठवडाभर पातं बंद ठेवूनही न गेलेली लाली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर सलूनमध्येही दाढी नको. एरवी सलूनमध्ये बसल्यावर पाकिटातून नवं पातं तुमच्यासमोर काढलेलं पाहूनच मान टेकवा. रक्ताचा अंश असलेल्या पात्यातून हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतो.

वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या रिकाम्या डब्याला फट पाडा, पातं तिच्यातून आत सोडा. डबा भरला की फटीवर चिकटपट्टी लावा, वर “ब्लेड” असं ठळक लिहा आणि घंटागाडीवाल्यांच्या हातात वेगळा द्या.