घरी शिकणाऱ्या मुलांसाठी लॅटिन मुळांचा अभ्यासक्रम कसा निवडावा

लॅटिन मुळांवरून इंग्रजी शब्द शिकवणारं पुस्तक हातात आलं की मी त्यात एकच गोष्ट शोधते. पुस्तकात नसलेला शब्द समोर आल्यावर मूल तो स्वतः उलगडायला बसेल, अशी तयारी हे पुस्तक करून घेतं का? ‘ट्रान्सपोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘इम्पोर्ट’ अर्थासकट पाठ करून घेणारी पुस्तकं ढीगभर आहेत. पण ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं हे कळलेल्या मुलाला बातमीत ‘डिपोर्ट’ दिसला आणि त्याने स्वतःहून अंदाज बांधला, तर पैसे वसूल.

आम्ही ऐरोलीत राहतो. दोन्ही मुलं घरीच शिकतात आणि घरात बोलणं सगळं मराठीत. मोठी दहावीची परीक्षा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या मंडळातून, इंग्रजी माध्यमात देणार आहे. विज्ञानाच्या पुस्तकातले लांबलचक शब्द पाहून तिने पान उलटून टाकू नये, यासाठी मला ही मुळं हवी होती. तुम्हालाही हा अभ्यासक्रम नेमका कशासाठी हवाय, ते आधी ठरवा. कारण बाजारात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली मिळतात.

पहिली म्हणजे चक्क लॅटिन भाषा: विभक्त्या, क्रियापदं, छोटी वाक्यं. ‘मिनिमस’ हे केंब्रिजचं पुस्तक त्यातलं. ब्रिटनच्या उत्तरेला विंडोलांडा नावाचं रोमन ठाणं होतं, तिथल्या एका कुटुंबाची आणि त्यांच्याकडच्या उंदराची ती चित्रकथा आहे. लहान मुलांना ती आवडते. ‘प्रिमा लॅटिना’ही भाषाच शिकवतं. त्यात ख्रिस्ती प्रार्थना आहेत आणि उच्चार चर्चच्या लॅटिनचे आहेत. ते आपल्या घरात चालेल का, याचा विचार मागवण्याआधी करा. दुसरी गोष्ट म्हणजे फक्त मुळं, उपसर्ग आणि प्रत्यय, तेही इंग्रजी शब्दांपुरते. हेतू शब्दसंग्रहाचा असेल तर दुसरा रस्ता धरा. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कदाचित संस्कृत शिकणाऱ्या मुलावर पाचव्या भाषेचं व्याकरण लादायची गरज मला तरी वाटत नाही.

वयापेक्षा वाचन पाहा. मूल इंग्रजी गोष्टीचं पुस्तक न अडखळता एकटं वाचत असेल, तर सुरुवात करायला हरकत नाही. बहुतेक मुलांत ही वेळ आठ-नऊच्या पुढे येते. अजून अक्षरं जुळवून वाचणाऱ्या मुलाला मुळं शिकवली तर त्याच्याकडे ती लावायला शब्दच नसतात.

आता नमुना पानं. बहुतेक प्रकाशक ती संकेतस्थळावर फुकट देतात. पुस्तकं परदेशातून येतात आणि परत पाठवणं कटकटीचं असतं, म्हणून ती पानं छापून एक पूर्ण धडा मुलासोबत करून पाहा. मी सगळ्यात आधी पाहते ते उपसर्गांचं प्रकरण. नकार दाखवणारा ‘इन’ हा उपसर्ग ‘लीगल’ला लागला की ‘इल्लीगल’ होतो, ‘रेग्युलर’ला लागला की ‘इर्रेग्युलर’ आणि ‘पॉसिबल’ला लागला की ‘इम्पॉसिबल’. हे का होतं, ते पुस्तक सांगतं का? की तीन वेगळे उपसर्ग म्हणून पाठ करायला लावतं? आपल्या मुलांना हे समजावणं फार सोपं आहे. सत् आणि जन मिळून सज्जन, उत् आणि लेख मिळून उल्लेख, हे त्यांना ठाऊक असतं. शेजारच्या वर्णासारखं होण्याची तीच खोड लॅटिनमध्ये आहे. मोठीला संधीची वही उघडून हे दाखवलं, तेव्हा ‘कलेक्ट’मध्ये दोन एल का, ते तिने स्वतः सांगितलं: ‘कॉन’ आणि ‘लेक्ट’.

स्पेलिंगचा फायदाही इथेच आहे आणि तो मोठा आहे. ‘मेडिसिन’मध्ये एस ऐकू येतो, तरी सी का लिहायचा? कारण ‘मेडिकल’. ‘साइन’मधला मुका जी ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो. मराठी जसं ऐकू येतं तसं लिहिण्याची सवय असलेल्या मुलांना इंग्रजी स्पेलिंग लहरी वाटतं. एकाच मुळाचे शब्द शेजारी मांडून दाखवणारं पुस्तक तो राग बराच कमी करतं. असे शब्द विखरून देणारं पुस्तक मी बाजूला ठेवते.

यानंतर सापळे पाहा. ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ लॅटिन, म्हणजे पाय. ‘पेडियाट्रिशियन’मधला ग्रीक, म्हणजे मूल. चांगलं पुस्तक लॅटिन आणि ग्रीक मुळं स्पष्ट वेगळी दाखवतं. ‘पोर्ट्रेट’चाही वाहून नेण्याशी संबंध नाही. शंका आली की एटिमॉनलाइन या फुकट व्युत्पत्तिकोशात पाहायची सवय मुलांना लावा.

संस्कृतच्या बाबतीत आपणही जपून बोलायला हवं. दंत आणि ‘डेन्टिस्ट’, पद आणि ‘पेडल’, सप्त-अष्ट-नव-दश आणि सप्टेंबर ते डिसेंबर (जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं) हे पाहून मुलं हरखून जातात, आणि जावंच. पण इंग्रजीने हे शब्द संस्कृतातून उचलले, असं सांगू नका. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच जुन्या उगमातून निघाल्या असाव्यात, हा विचार भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात मांडला होता. त्या बहिणी आहेत, हे खरं नातं मुलांना सांगा.

मुळांच्या पुस्तकांपैकी ‘इंग्लिश फ्रॉम द रूट्स अप’च्या पहिल्या भागात शंभर मुळं आहेत. त्यात तयार स्वाध्याय नाहीत, शिकवायचं आपणच. रोज थोडा वेळ मुलाजवळ बसणाऱ्या आईबाबांसाठी माझी पहिली पसंती त्यालाच. एका कार्डावर एक मूळ, मागे मुलाने स्वतः शोधलेले शब्द. नोकरी सांभाळून शिकवत असाल आणि मुलाने एकट्याने लिहून ठेवावं असं हवं असेल, तर ‘व्होकॅब्युलरी फ्रॉम क्लासिकल रूट्स’ बरं. त्याचा ‘ए’ भाग अमेरिकन सातवीसाठी आहे, पण आपल्या मुलाची इयत्ता न पाहता शब्द पाहून भाग निवडा. खूप वाचणाऱ्या मुलासाठी ‘सीझर्स इंग्लिश’ आहे. त्यात शब्द अभिजात इंग्रजी साहित्यातल्या वाक्यांसह येतात.

ही पुस्तकं अमेरिकन असल्याने उदाहरणं तिथली असतात. ती आपली करून घ्या. आमच्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून खाडीत जाता येतं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 चं, आणि 2022 मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. तिथल्या तिवराचं शास्त्रीय नाव अ‍ॅव्हिसेनिया मरीना. ‘मरीना’ म्हणजे समुद्राचं, यावरून ‘सबमरीन’ आणि ‘मरीनर’ धाकट्याने होडीतच काढले. मोठा फ्लेमिंगो फिनिकॉप्टेरस रोझियस, गुलाबी. लहान फ्लेमिंगोच्या नावात ‘मायनर’. ‘प्टेरॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये पंख, आणि ‘हेलिकॉप्टर’ हेलिको आणि प्टेर असं तुटतं, हे कळल्यावर दोघंही परतीच्या वाटेवर तेच बोलत होते. सोसायटीतल्या आंब्याचं मँजिफेरा इंडिका पाहा. ‘फेरा’ म्हणजे धारण करणारी. मग ‘कॉनिफर’ कळतो.

आठवड्याला दोन मुळं पुष्कळ झाली, पण जुन्यांची उजळणी चुकवू नका. नमुना पानात उजळणीचे धडे दिसले नाहीत, तर ते काम तुमच्याकडे येणार हे धरून चाला. महिन्यातून एकदा शिकलेल्या मुळांपासून बनलेले, पण कधीही न शिकवलेले पाच शब्द द्या आणि कोश न उघडता अर्थ लिहायला सांगा. अंदाज चुकला तरी शब्द तोडायची पद्धत बरोबर असेल तर पूर्ण गुण द्या. मूल शब्द तोडायलाच तयार नसेल, तर नवीन मुळं थांबवून जुनीच नव्या शब्दांत दाखवा. आणि पुढचा भाग हा भाग संपत आल्यावरच मागवा. तोवर मुलाचं वाचन बदललेलं असतं आणि कदाचित त्याला वेगळंच पुस्तक लागेल.