जुन्या येझदीचं इंजिन आणि शॉकअप: पिस्टनच्या आधी सील बघा

येझदी मोटरसायकलचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, म्हणजे तिथून निघालेली शेवटची येझदीसुद्धा आता तिशीला टेकली. गोठ्याच्या कडेला वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी बाहेर काढली की पहिला सल्ला ठरलेला: बोअर-पिस्टन टाका, म्हणजे झिजलेलं सिलेंडर आतून कापून नवा पिस्टन बसवा. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्या बंद पेटीत फिरतो ती, हाच पंप असतो: हवा-पेट्रोल आत ओढून वर सिलेंडरमध्ये ढकलतो. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सील कडक झाली असतील तर नवा पिस्टनही लवकरच जाम होतो. डायनामोच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल कमी पडतं आणि रेस आपोआप चढते. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल आत जळतं. धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी गुपचूप उतरते.

हे इंजिन उघडण्याआधीच कळतं. कार्बोरेटर आणि दोन्ही सायलेन्सर काढा, ती तोंडं जुन्या ट्यूबचं रबर आणि पत्रा लावून घट्ट बंद करा. पिस्टन अगदी खाली आणा. प्लगच्या भोकातून बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ जोडा आणि ३०० पर्यंत हवा भरा. मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरली तर गळती आहे. जोडांवर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे जागा दाखवतील. जोडणी झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करायची.

सोडवण्याआधी काळ्या मातीचा थर लाकडी पट्टीने खरवडा. सिलेंडरच्या पंखांमध्ये वाळून वीट झालेली माती उष्णता अडवते. कव्हरचे स्क्रू हातोडीच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवा, नाहीतर खाचा झिजतात. वॉशर आणि शिम ज्या शाफ्टचे असतील त्या शाफ्टचं नाव लिहिलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवा.

कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. अजिबात खेळ नको. आडवा थोडा चालतो. खेळ असेल तर रॉड किट टाका आणि प्रेस केल्यावर क्रँक लेथच्या सेंटरवर धरून डायल गेजने तपासून घ्या. फिरताना ०.०५ मिमीपेक्षा जास्त डोलत असेल तर पुन्हा सरळ करायला लावा, तिथे भीड ठेवू नका. केस गरम करा, पाण्याचा थेंब चुरचुरला की बेअरिंग जवळजवळ हातानेच बसतं. ठोकून बसवलं तर घर सैल होतं.

बोअरचा क्रम बहुतेकदा उलटा होतो. आधी पिस्टन विकत घ्या, मग तो मोजून बोअर करा. २५० सीसीच्या गाडीचा मूळ बोअर ६५ मिमी. पुढचे साइज ०.२५ च्या टप्प्याने. पिस्टन डोक्याकडे बारीक असतो म्हणून माप खाली, स्कर्टवर घ्या, आणि फट खोक्यावर छापलेली असेल तेवढीच ठेवा. आता मुख्य गोष्ट. जालना-लातूरकडे ट्रॅक्टरचं काम करणारे बोअरवाले हाताने पक्के असतात, पण ट्रॅक्टरच्या लायनरला पोर्ट, म्हणजे भिंतीतली हवा-धुराची भोकं, नसतात. त्यामुळे बोअरनंतर पोर्टच्या कडा धारदार राहतात आणि रिंग तिथे अडकून तुटते. बारीक कानशीने कडा हलकेच मोडून द्या, बोट फिरवलं तर खरचटता कामा नये. रिंग सिलेंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट मोजा, ०.२५ मिमीच्या आसपास हवी. पिस्टनच्या खाचेतली खुंटी रिंगच्या तोंडात आली का बघूनच सिलेंडर खाली सोडा. पिनच्या सर्कलिप दर वेळी नव्याच.

इग्निशनच्या पॉइंटची फट ०.४ मिमी, प्लगची ०.६. सायलेन्सरची जाळी ओढून काढा आणि काजळी जाळून टाका. ती तुंबलेली असेल तर वर केलेलं सगळं काम फुकट.

आता शॉकअप. पुढचे पाइप काढून जाड काचेवर लोळवा. पाइपखालून उजेड लुकलुकला तर पाइप वाकडा. सील फिरतं तिथे गंजाचे खड्डे असतील तर नवं सील आठवड्यात गळेल, आधी हार्ड क्रोम करून घ्या. दोन्ही पायांत ऑइल मोजपात्राने सारखंच भरा, अंदाजाने नको. रबरी बूट फाटके असतील तर बदला, नाहीतर धूळ आणि तेलाचा चिखल पाइपवर पॉलिश पेपरसारखा फिरतो. कोनसेटच्या, म्हणजे हँडलच्या बेअरिंगच्या, गोळ्या सगळ्या नव्या घाला. पुढचं चाक उचलून धरल्यावर हँडल बोटाच्या धक्क्याने बाजूला पडावं, आणि शॉकअप पुढे-मागे ओढल्यावर खट आवाज येऊ नये.

मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंग आर्म) आडवा हलवून बघा. खेळ असेल तर बुश आणि पिन दोन्ही बदला. एकटा बुश टिकत नाही. मागचे शॉकअप दाबून सोडले की एकदा वर येऊन थांबावेत. दोन-तीनदा नाचले तर आतलं ऑइल गेलंय, जोडीनेच करा. स्प्रिंग दाबाखाली असते, शिकंजाशिवाय उघडू नका.

पहिले ५०० किमी पेट्रोलच्या लिटरला ५० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, नंतर ४०. ताशी ४०-४५ च्या वर नाही, आणि एकाच वेगात लांबवर नाही. एप्रिल-मेमध्ये हे रनिंग सकाळी नऊच्या आत उरका. पहिल्यांदा तापून पूर्ण गार झालं की हेडचे चारही नट तिरप्या क्रमाने पुन्हा आवळा. गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा; इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ पाडतं.